विश्लेषण : जुना संगणक बंद पडला तरी त्यातले काम चालू कसे ठेवायचे? ‘आभासी संगणका’चे गणित काय?

विंडोज १० या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शहरातल्या कार्यालयांनी नवे संगणक घेतले किंवा विंडोज ११ टाकून घेतले. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावसारख्या ठिकाणी, जिथे एकाच संगणकावर दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्स, लग्नपत्रिका आणि शाळेचे निकालपत्रक असे सगळे चालते, तिथे प्रश्न वेगळा आहे. नवी प्रणाली टाकली तर जुने सॉफ्टवेअर चालत नाही आणि जुनी ठेवली तर सुरक्षा राहत नाही. या कोंडीतून वाट काढणारे एक तंत्र गेली ५० वर्षे वापरात आहे. त्याचे नाव व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणे. ते काय आहे, कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, याचा हा आढावा.

धडगावचा प्रश्न नेमका काय?

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय. सातपुड्याच्या डोंगरात, उत्तरेला नर्मदा. संगणक बिघडला की दुरुस्तीसाठी घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. अशा ठिकाणी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ किंवा एखादे डीटीपीचे दुकान बंद राहिले, तर त्याचा फटका फक्त दुकानदाराला बसत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, वनहक्क दाव्याची कागदपत्रे यांसाठी पाड्यावरून पायी किंवा जीपने आलेल्या माणसाचा दिवस आणि मजुरी बुडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून लागू आहे आणि त्यात सेवेसाठी मुदत ठरवून दिलेली असते. पण अर्ज दाखलच झाला नाही तर मुदत मोजायची कुठून?

अशा दुकानात साधारणपणे तीन प्रकारची कामे एकाच यंत्रावर होतात. पहिले, शासकीय पोर्टलवरची कामे. त्यांना अद्ययावत ब्राउजर आणि सुरक्षित प्रणाली लागते. दुसरे, बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल सहीचे टोकन. त्यांना ठरावीक प्रणालीवर चालणारे ड्रायव्हर लागतात. तिसरे, जुनी मराठी मजकुराची कामे; त्यांना १५-२० वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर लागते. तिघांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकाला नवे हवे, दुसऱ्याला जुने.

त्यात विंडोज ११ची अट अशी, की साधारण २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप असल्याशिवाय मायक्रोसॉफ्ट त्याला अधिकृत मान्यता देत नाही. त्यामुळे चांगले चालणारे अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १०ची सुरक्षा दुरुस्ती आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय कंपनीने जाहीर केली. पण ती मुदतवाढ आहे, तोडगा नव्हे.

आभासी संगणक म्हणजे काय?

संगणकाची ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस. तिचा समज असा असतो, की प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, कीबोर्ड हे सगळे आपल्या एकटीच्या ताब्यात आहे. व्हर्च्युअलायझेशनमध्ये हा समज तसाच ठेवला जातो, पण खरा ताबा दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरकडे असतो. त्याला ‘हायपरव्हायजर’ म्हणतात. मूळ संगणकाची प्रणाली ही यजमान आणि तिच्या आत चालणारी दुसरी प्रणाली ही पाहुणी. पाहुणीला वाटते, की हे घर माझेच. प्रत्यक्षात यजमानाने तिला एक खोली, थोडी मेमरी आणि डिस्कचा एक तुकडा दिलेला असतो.

या पाहुण्या प्रणालीची सगळी हार्ड डिस्क यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते. खरा उपयोग इथेच आहे. फाइल असल्यामुळे ती पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते. उद्या संगणक जळाला, तर ती फाइल दुसऱ्या संगणकावर नेऊन ‘तोच’ संगणक पुन्हा उभा करता येतो. तेच सॉफ्टवेअर, त्याच सेटिंग, तोच डेस्कटॉप. बहुतेक हायपरव्हायजरमध्ये ‘स्नॅपशॉट’ची सोय असते. एखादे काम करण्याआधी स्थिती जतन करायची आणि बिघडले तर दोन मिनिटांत मागे यायचे. विंडोज नव्याने टाकून सगळी सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात जाणारा एक दिवस त्यामुळे वाचतो.

ही कल्पना कधीची?

ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात संगणक इतके महाग होते, की एकच यंत्र अनेकांनी वाटून घ्यावे लागे. आयबीएमने तेव्हा एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी भाग करण्याचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या यंत्रावर हे नीट करता येते, याच्या अटी शोधनिबंधात मांडल्या. आजही अभ्यासक्रमांत त्या शिकवल्या जातात.

पुढे घरगुती संगणक स्वस्त झाले आणि हा विषय मागे पडला. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये साध्या पीसीवर आभासी संगणक चालवून दाखवला. त्या काळचे इंटेलचे प्रोसेसर यासाठी बनलेलेच नव्हते. त्यामुळे बरीच कसरत करावी लागे. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली आणि वेग वाढला. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर खुले झाले आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ हा हायपरव्हायजर दाखल झाला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘हायपर-व्ही’ आणले. आज आपण ‘क्लाउड’ म्हणतो, त्याचा पाया हाच. दूरच्या डेटा सेंटरमधल्या एका यंत्रावर अनेक ग्राहकांचे आभासी संगणक एकमेकांना न दिसता चालतात.

मायक्रोसॉफ्टनेही ही युक्ती स्वतःच्या ग्राहकांसाठी वापरली. २००९ मध्ये विंडोज ७ आले तेव्हा अनेक कार्यालयांची सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत. म्हणून विंडोज ७च्या वरच्या आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ ही आभासी एक्सपी मोफत देण्यात आली. म्हणजे आज धडगावात जो प्रश्न आहे, तोच तेव्हा मोठ्या कंपन्यांपुढे होता आणि उत्तरही हेच होते.

जुन्या मराठी फाइलींसाठी याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात या तंत्राची सर्वात मोठी गरज कदाचित इथेच आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधून टंकला जाई. त्यात ‘क’ हे अक्षर संगणकाच्या स्मृतीत ‘क’ म्हणून साठवले जात नसे. इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. तो फॉन्ट असेल तोवर मराठी दिसते. फॉन्ट गेला की निरर्थक चिन्हांची रांग उरते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीचा मजकूर दुसरीत उघडत नाही.

छपाईच्या व्यवसायात याला पेजमेकरची जोड होती. पेजमेकर ७.० ही २००१ मधली शेवटची मोठी आवृत्ती. अडोबीने नंतर इनडिझाइनवर भर दिला आणि पेजमेकर तिथेच थांबले. पण वर्तमानपत्रांची पाने, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, लग्नपत्रिका अशी महाराष्ट्रातली कितीतरी कामे पेजमेकरमध्येच साठून राहिली. त्यातच जुन्या मराठी सॉफ्टवेअरला ‘डोंगल’ लागे. यूएसबी किंवा प्रिंटर पोर्टला लावायचे हे छोटे कुलूप नसेल, तर सॉफ्टवेअर उघडत नसे.

आता समजा, धडगावातल्या एखाद्या दुकानात २००५ पासूनची कामे अशा फाइलींत आहेत. ग्रामपंचायतींची जुनी पत्रके, शाळांचे दाखले, होळीच्या दिवसांतली भोंगऱ्या बाजाराची पत्रके, कुणी कष्टाने टंकून ठेवलेला पावरी किंवा भिली शब्दसंग्रह. तो एक्सपीचा जुना डबा बंद पडला, की हे सगळे वाचता न येणाऱ्या फाइलींचा ढीग होते. शहरातल्या संस्थेकडे छापील प्रती असतात, ग्रंथालय असते. इथे बऱ्याचदा ती फाइल हीच एकमेव प्रत असते.

आभासी संगणकात एक्सपी टाकून, त्यात पेजमेकर आणि जुना फॉन्ट बसवला, की या फाइली पूर्वीसारख्या उघडतात. यूएसबी डोंगल असेल तर तो यजमान संगणकाला लावून पाहुण्या प्रणालीच्या हवाली करता येतो. याला ‘यूएसबी पासथ्रू’ म्हणतात. प्रिंटर पोर्टचा जुना डोंगल मात्र अडचणीचा ठरतो, कारण नव्या संगणकाला ते पोर्टच नसते.

फॉक्सप्रो किंवा डॉसवर चालणाऱ्या हिशेबाच्या जुन्या कार्यक्रमांचे गणितही असेच आहे. आजच्या ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे जुने कार्यक्रम चालतच नाहीत. त्यांच्यासाठी आभासी संगणकात जुनी प्रणाली टाकावी लागते किंवा ‘डॉसबॉक्स’सारखे डॉसचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते.

मात्र ही तात्पुरती सोय समजावी. जुनी फाइल उघडली की तिची पीडीएफ काढून ठेवावी आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. फक्त पीडीएफ पुरेशी नाही. ती डोळ्यांना मराठी दिसते, पण आत तीच जुनी चिन्हे असल्याने शब्द शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. रूपांतर करणारी साधने मिळतात. जोडाक्षरे आणि रफार तेवढे तपासून घ्यावे लागतात.

कोणतीही प्रणाली कुठेही चालते का?

नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो. प्रोसेसरची भाषा एक असेल, तर व्हर्च्युअलायझेशन वेगाने चालते. बहुतेक विंडोज संगणकांचा प्रोसेसर इंटेल-एएमडीच्या ‘एक्स८६’ घराण्यातला. मोबाइलचा प्रोसेसर ‘आर्म’ घराण्यातला. अ‍ॅपलनेही २०२० मध्ये एम१ चिप आणून मॅक आर्मवर नेले. त्यामुळे आधीच्या मॅकवर ‘बूट कॅम्प’ने थेट विंडोज टाकता येई, ती सोय नव्या मॅकवर नाही. तिथे आर्मसाठी बनवलेली विंडोज आभासी संगणकात चालवावी लागते.

घराणे वेगळे असेल तर ‘एम्युलेशन’ करावे लागते. म्हणजे एका भाषेतली प्रत्येक सूचना दुसरीत भाषांतरित करत जायचे. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘क्यूएमयू’ हे काम करते. दुभाष्यामार्फत संभाषण होते तसे ते. काम होते, पण वेळ लागतो. २० वर्षे जुन्या हलक्या सॉफ्टवेअरला हा वेग चालतो, आजच्या जड सॉफ्टवेअरला नाही.

तिसरा मार्ग ‘वाइन’चा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात पूर्ण विंडोज न टाकता लिनक्सवर विंडोजचे सॉफ्टवेअर चालवले जाते. मेमरी कमी लागते, विंडोजचा परवानाही लागत नाही. पण प्रत्येक सॉफ्टवेअर चालेलच याची खात्री नाही आणि डोंगलवाल्या सॉफ्टवेअरशी त्याचे फारसे पटत नाही.

बोटांचे ठसे आणि डिजिटल सहीचे काय?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातच, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देण्यात आला. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्यासाठी आले होते. आधार नोंदणीसाठी वापरल्या गेलेल्या सॉफ्टवेअरच्या नावातच ‘मल्टी-प्लॅटफॉर्म’ हा शब्द आहे. नेट नसलेल्या गावात नोंदणी करून माहिती संगणकातच कूटबद्ध साठवायची आणि नंतर केंद्राकडे पाठवायची, अशी सोय त्यात होती. डोंगरी भागासाठी ती महत्त्वाची होती. पण नाव काहीही असले, तरी ठसे व डोळ्यांची बुबुळे टिपणारी उपकरणे ज्या प्रणालीचे ड्रायव्हर देतात, त्याच प्रणालीवर काम होते. म्हणून प्रत्यक्षात विंडोजवरच भिस्त राहिली.

ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. आधार, बँकिंग किंवा डिजिटल सही अशी कामे आभासी संगणकात करण्याआधी संबंधित यंत्रणेची परवानगी आहे का, हे पाहायला हवे. कारण आभासी संगणकाची हुबेहूब नक्कल करता येते. घरच्या कामात हा गुण आहे. ओळख पटवण्याच्या कामात तोच धोका ठरतो. हे काम नेमक्या याच यंत्रावर, याच ठिकाणी झाले, याची खात्री नकलेमुळे संपते. म्हणून अनेक सुरक्षित सॉफ्टवेअर आभासी संगणक ओळखून तिथे चालायलाच नकार देतात.

म्हणजेच सेवा केंद्रासाठी वाटणी अशी होते. ठसे, सही आणि पैशांची कामे अद्ययावत व अधिकृत विंडोजवर किंवा यंत्रणेने मान्य केलेल्या मोबाइलवर. जुन्या मराठी फाइली आणि जुने हिशेब नेट तोडलेल्या आभासी संगणकात. पोर्टल पाहणे, टंकलेखन, छपाई ही रोजची कामे यजमान प्रणालीवर. मग ती लिनक्स असली तरी चालते.

काही जुनी शासकीय संकेतस्थळे इंटरनेट एक्स्प्लोररसाठीच बनवली होती. तो ब्राउजर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यासाठी जुनी विंडोज सांभाळण्याची गरज नाही; एज ब्राउजरमध्ये ‘आयई मोड’ आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे.

वेगवेगळे संगणक एकाच जागेवरून सांभाळता येतात का?

येतात, आणि दूरच्या तालुक्यांसाठी हे जास्त महत्त्वाचे आहे. एका कार्यालयात चार विंडोज, दोन लिनक्स, एक मॅक आणि काही आभासी संगणक असतील, तर प्रत्येकासमोर जाऊन बसणे शक्य नसते. त्यासाठी व्यवस्थापनाची साधने असतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, प्रत्येक संगणकात एक छोटा ‘एजंट’ कार्यक्रम बसवायचा. तो मुख्य सर्व्हरला कळवत राहतो : डिस्क भरली, अँटिव्हायरस बंद आहे, अपडेट बाकी आहे. दुसरा प्रकार, काहीही न बसवता दूरवरून आज्ञा पाठवायच्या. १९९५ मध्ये आलेले ‘एसएसएच’ हे त्याचे मूळ साधन. २०१२ मधले ‘अ‍ॅन्सिबल’ त्याच वाटेने शेकडो यंत्रांना एकच सूचना देते. विंडोजचे ‘पॉवरशेल’ २००६ पासून होते. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ते खुले करून लिनक्स आणि मॅकवरही आणले. एकच आज्ञा तिन्ही प्रणालींवर चालावी, ही गरज त्यामागे होती. तिसरा प्रकार, सगळे ब्राउजरमधून. ‘प्रॉक्समॉक्स’सारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत आभासी संगणक सुरू करणे, बंद करणे, त्याचा बॅकअप घेणे ही कामे वेबपानावरून होतात. ब्राउजर कोणत्याही प्रणालीवर असतो, मोबाइलवरही असतो. त्यामुळे साधन कुठल्या प्रणालीवर चालते, हा प्रश्नच उरत नाही.

शहाद्याच्या तंत्रज्ञाने घाट न चढता धडगावचा संगणक दुरुस्त करणे या साधनांमुळे शक्य होते. नेट अगदी मंद असेल तेव्हा पडदा दाखवणाऱ्या साधनांपेक्षा आज्ञा पाठवणारी साधने बरी. पडद्याचे चित्र पाठवायला जितका डेटा लागतो, त्याच्या किरकोळ अंशात आज्ञा आणि तिचे उत्तर जाते.

क्राउडस्ट्राइक प्रकरणाने काय शिकवले?

दूरस्थ साधनांची ताकद आणि मर्यादा १९ जुलै २०२४ रोजी जगाला दिसली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हे अपडेट एजंटमार्फतच सगळीकडे एकाच वेळी गेले होते. म्हणजे जे साधन एका क्षणात लाखो संगणक दुरुस्त करते, तेच एका क्षणात लाखो संगणक पाडूही शकते.

दुरुस्तीची गोष्ट आणखी बोलकी आहे. संगणक सुरूच होत नसल्याने दूरवरून आज्ञा देण्याचा मार्ग बंद झाला. प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन ‘सेफ मोड’मध्ये एक फाइल काढावी लागली. आभासी संगणकांच्या बाबतीत मात्र दुसरा मार्ग होता. त्यांची डिस्क सुटी करून दुसऱ्या आभासी संगणकाला जोडायची, सदोष फाइल काढायची आणि परत लावायची. किंवा आधीच्या बॅकअपवर यायचे. पाहुणी प्रणाली आडवी झाली, तरी यजमान जागा होता, म्हणून ते जमले.

छोट्या दुकानालाही हाच धडा लागू होतो. अपडेट एकाच दिवशी सगळ्या यंत्रांवर टाकू नये आणि आधी स्नॅपशॉट घ्यावा.

सरकारी यंत्रणेत याचा वापर किती?

आपण मोबाइलवर सातबारा पाहतो, तेव्हा दूरच्या सर्व्हरशीच बोलत असतो. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा क्लाउड उपक्रम २०१४ पासून सुरू आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. अशा सेवा आभासी सर्व्हरवर ठेवण्याचा फायदा असा, की प्रवेशाच्या किंवा पीक विम्याच्या दिवसांत गर्दी वाढली तर क्षमता वाढवता येते. तरीही ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द धडगावपासून मुंबईपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कारण आभासी संगणक वाढवले तरी मूळ सॉफ्टवेअर किंवा डेटाबेस गर्दीसाठी बनवलेला नसेल, तर रांग तिथेच अडते.

या क्षेत्रातली मक्तेदारीही चर्चेत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणी पद्धत आणली. जगभरच्या अनेक संस्थांचा खर्च वाढला आणि खुल्या पर्यायांकडे ओढा वाढला. एका कंपनीच्या प्रणालीतून सुटायला वापरलेले तंत्र दुसऱ्या कंपनीच्या हाती अडकू शकते, हे यातून दिसले.

सुरुवात कशी करावी, खर्च किती?

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य असू शकतो. व्हर्च्युअलबॉक्सचे मूळ पॅकेज मोफत आहे. मात्र त्याच्या जोड-पॅकची व्यावसायिक वापराची अट वेगळी आहे, ती वाचून घ्यावी. लिनक्सवर केव्हीएम आधीच असतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही असते. पाहुण्या विंडोजला मात्र स्वतःचा परवाना लागतो. आभासी आहे म्हणून ती फुकट होत नाही.

संगणकात किमान ८ जीबी मेमरी असावी. ४ जीबीमध्ये यजमान आणि पाहुणी दोघीही उपाशी राहतात. एक्सपीला ५१२ एमबी पुरते, विंडोज १०ला ४ जीबी तरी द्यावी. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर फरक सर्वात जास्त जाणवतो. संगणक सुरू होताना ‘बायोस’मध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय चालू आहे का, ते पाहावे, अनेक संगणकांत तो बंद असतो आणि लोकांना वाटते, की आपल्या यंत्राला हे झेपत नाही.

यानंतरचा क्रम असा ठेवावा. जुना संगणक चालू आहे तोवरच त्याच्या सगळ्या फाइली आणि फॉन्ट बाहेर काढावेत. शक्य असेल तर त्या संपूर्ण डिस्कचीच आभासी डिस्क करावी. त्यासाठी मोफत साधने मिळतात. ती नव्या संगणकावर चालते का, हे तपासावे. मग एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक प्रत दुसऱ्या गावात, नातेवाइकाकडे किंवा शाखेत ठेवावी. हे सगळे झाल्यावरच जुना डबा भंगारात द्यावा. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. डबा बंद पडतो आणि मग फाइलींची आठवण होते.

धोके कोणते?

पहिला गैरसमज असा, की जुनी विंडोज आभासी संगणकात ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली. तसे होत नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. आभासी असली तरी तिच्यातली भोके तीच राहतात. फरक इतकाच, की आभासी संगणकाचे नेट एका टिचकीत कायमचे तोडता येते आणि ते तोडलेच पाहिजे. फाइलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून करावी आणि काम झाले की तोही बंद करावा.

दुसरा धोका विजेचा. काम चालू असताना वीज गेली, तर यजमान आणि पाहुणी दोघींच्या फाइली खराब होऊ शकतात. म्हणून यूपीएस हवाच. आभासी संगणकाची एक सोय इथे कामी येते. तो ‘शट डाउन’ न करता आहे त्या स्थितीत झोपवता येतो. वीज परत आली की अर्धवट टंकलेले पान जिथे होते तिथूनच सुरू.

तिसरा धोका, सगळी अंडी एकाच टोपलीत. चार आभासी संगणक एका डिस्कवर असतील आणि ती डिस्क गेली, तर चारही गेले. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो.

चौथा धोका दूरस्थ साधनांचा. पडदा वाटून घेणाऱ्या अ‍ॅपमधून बँक खाती रिकामी करण्याच्या प्रकारांबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ओळखीच्या तंत्रज्ञाशिवाय कुणालाही जोडणीचा क्रमांक देऊ नये आणि काम झाल्यावर ते अ‍ॅप बंद झाले आहे, हे स्वतः पाहावे.

मोबाइलवर हे येणार का?

आले आहे. मार्च २०२५ पासून गूगलच्या पिक्सेल फोनवर ‘लिनक्स टर्मिनल’ ही सोय मिळू लागली. ती सुरू केली की फोनमध्येच डेबियन लिनक्सचा आभासी संगणक चालतो. सध्या ही सोय सगळ्या फोनवर नाही आणि ती तंत्रज्ञांसाठीच जास्त उपयोगी आहे. पण दिशा स्पष्ट आहे. पुढच्या काही वर्षांत कीबोर्ड आणि पडदा जोडला की फोनच छोट्या कार्यालयाचा संगणक होऊ शकतो. धडगावच्या पाड्यांवर संगणकाआधी मोबाइल पोहोचला आहे, हे लक्षात घेता या बदलाचे महत्त्व कळते.

तोवर करण्यासारखे काम साधे आहे. आपल्या दुकानात, शाळेत, पतसंस्थेत सर्वात जुना संगणक कोणता आणि त्यात असे काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही, याची यादी करणे. ती यादी आज केली तर एका सुटीच्या दिवसाचे काम आहे. डबा बंद पडल्यावर केली, तर घाट उतरून विचारत फिरायचे आणि तरीही फाइल उघडेलच, असे कुणी सांगू शकत नाही.